ढगाला टांगलेल्या गावाचा सातबारा

...नाही पण मला सांगा, ढगाला टांगलेल्या गावात सांडपाणी कुठं जातं, हे मी कुठून सांगू? मी काय तिथला ग्रामसेवक आहे? तुम्हाला सांगतो, थाप मारणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं ना, त्यांनी एकदा आमच्या आक्काबाईसमोर बसावं. पदर कमरेला खोचलेला, तोंडात मिश्री, माती वाहायची पाटी उपडी घालून त्यावर बैठक, आणि एकेक प्रश्न असा की मामलेदारानं खुर्ची सोडून पळावं. 'अण्णा, काल तुमी म्हनला तिथल्या घराला दार खाली, भुईत. मंग पोरगं रांगाया लागल्यावर पडत न्हाई का वं?' आता पडतं का नाही पडत, मला काय ठाऊक? म्हटलं, पडतं की, पण खाली जाळं असतं. 'कशाचं?' अंबाडीचं. 'ढगात अंबाडी कोन पेरतं?' ...झालं! उपकार आहेत त्या पुस्तकाचे, नाही म्हणत नाही मी, पण असा उलटतपास खुनाच्या खटल्यात होत नसेल हो!

आता पुस्तक कुठलं म्हणाल. तर गेल्या साली, म्हणजे पावसानं आमच्या तालुक्याचं नावच टाकलं त्या साली, मी कंदिलाची काच आणायला नगरजवळच्या भिंगारला गेलो. जुन्या बाजारात बाबाजानचं दुकान आहे. रद्दी, मोडक्या खुर्च्या, बदली झालेल्या लष्करी साहेबांच्या बंगल्यातलं सामान, सगळं त्याच्याकडं. काच देता देता त्यानं माझ्यासमोर एक जाडजूड पुस्तक टाकलं. 'घ्या अन्ना. तुमच्यासारखंच हाय. चित्रं लई, अन् खरं काय ते कुनालाच कळत न्हाई.'

कुणी कॅप्टन म्हणे दोन-तीन वर्षं जपानात होता. तिकडं चित्रांच्या गोष्टी निघतात, दर आठवड्याला एक तुकडा, मंगा म्हणतात त्याला. त्या गोष्टीची पुस्तकं साहेबाच्या पोरानं ट्रंकेत भरून नेली आणि हे तेवढं राहिलं. बाबाजान म्हणाला, 'ह्यात किस्सा न्हाई बरं का. किश्श्यातलं गाव कसं, घरं कशी, कोन किती उंच, कोन काय खातं, त्येची पक्की माहिती. ज्यानं किस्सा काढला त्येनंच छापली. अस्सल.'

म्हणजे तुमच्या लक्षात आलं का? गोष्टच नाही! गोष्टीचा सातबारा!

आणि बाबाजाननं आणखी एक दाखवलं, ते ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. पुस्तक उर्दूसारखं उजव्या अंगानं उघडायचं. तिकडच्या पानावर इंग्रजी एकचा आकडा होता. आणि अक्षरं आडवी नाहीत, उभी, विहिरीत दोर सोडावा तशी वरून खाली.

घरी येऊन उघडलं आणि काय सांगू तुम्हाला, जेवायचं विसरलो! पहिल्या पानांवर साधंसुधं गाव, आपल्यासारखंच, धुळीचं. मग दोर. मग शिड्या, नुसत्या शिड्यांचं एक अख्खं पान, म्हातारीची वेगळी, पोरांची वेगळी, ओझेवाल्याची वेगळी. आणि पुढं तेच गाव ढगाला खालून टांगलेलं, विहिरीवर सुगरणीची घरटी लोंबतात ना, तसं. एक घर मधोमध चिरलेलं, फणस चिरावा तसं, आत चूल कुठं, अंथरूण कुठं, दाराला कडी कुठून, सगळीकडं बाण. एकेका माणसाच्या तळव्याखाली त्याच्या उंचीचे आकडे. एका पोराच्या पिशवीत काय काय असतं त्याचं स्वतंत्र चित्र, त्यात एक अर्धं खाल्लेलं फळसुद्धा! ढग खाणारं एक जनावर, त्याचं पोट उघडून दाखवलेलं, आत कप्पे, कप्प्यात पाणी. अहो, ज्या माणसानं कुणी न बघितलेल्या जनावराच्या पोटातला कप्पा न कप्पा मांडून ठेवला, तो केवढा थोर खोटारडा असेल! मी पुस्तकाला हात जोडले. आजवर मी वाघ सांगितला, भूत सांगितलं, रेल्वे इंजिनाशी लावलेली शर्यत सांगितली, पण वाघाच्या पोटात काय होतं हे सांगायचं मला कधी सुचलं नव्हतं.

तर हे पुस्तक मी पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर नेलं. दुपारी सरकारी खाऊ, सुकडी, वाटली की सगळे बाभळीच्या सावलीला. मी बोट वरून खाली फिरवत सांगायला लागलो, गावची विहीर आटली, मग माणसं दोर टाकून ढगावर गेली, तिथं ढग पिळून पाणी काढतात. मी जपानी वाचतो असं मी म्हणालो का? देवाशप्पथ नाही. मी बोट फिरवलं. बाकीचं गावानं ठरवलं.

आणि आक्काबाईनं मला पळता भुई थोडी केली. ढग पिळायचा पाळीपाळीनं का कसा? पाळी चुकली तर पाटील काय करतो? बाळंतिणीला पाणी जास्त का नाही? मी रात्री विचार करून उत्तर आणायचो आणि ते तिच्या कालच्या हिशेबात बसलं नाही की परत पाठवायची. हळूहळू त्या गावाला पंचायत आली, पाणक्या आला, भांडकुदळ जावा आल्या. पुस्तक जपान्याचं खरं, पण गाव आक्काबाईनं वसवलं. माझ्या थापांना पाठीचा कणा तिच्यामुळं आला, तिचेही उपकारच म्हणायचे. फक्त एक प्रश्न ती रोज शेवटी विचारायची, हळूच. 'वर गेलेली मान्सं खाली कवा येत्यात, अण्णा?' तिचा पोरगा बन्सी बायकापोरं घेऊन कोपरगावकडं साखर कारखान्यावर गेला होता. मी पुस्तक मिटायचो. म्हणायचो, ते ह्यात नाही.

इथवर सगळं बरं चाललं होतं हो. पण मला एक मुलगी आहे, द्वारका. गुणाची पोर. आणि दोन ठिकाणांहून नकार का आला? 'पोरगी चांगली, पन बाप थापाड्या. उद्या सोयरिकीत काय खरं काय खोटं कळायचं न्हाई.' हे ऐकून मी दोन दिवस गप्प होतो, तर लोकांना वाटलं मला ताप आला. मग बाबाजाननंच भिंगारचं स्थळ आणलं. सहादेव हवालदार, लढाईत ब्रह्मदेशात होते, आता पेन्शनीत. मुलगा गहिनीनाथ, लष्कराच्या वर्कशॉपात फिटर. द्वारकेनं त्याला बाजारात एकदा पाहिलेलं, आणि तेव्हापासून ती भाकरी थापताना उगाच हसायची. बापाला कळतं सगळं.

आमची मनकर्णा, म्हणजे आमचं कुटुंब, मला म्हणाली, 'रविवारी पावनं येत्यात. व्हय अन् न्हाई, दोनच शब्द. तिसरा काढला तर बघा.' आणि द्वारका चुलीपुढनं म्हणाली, 'अण्णा, खरं बोलू नका न खोटंबी बोलू नका. नुसतं बसा.'

बसतो म्हटलं. आणि शनिवारी बाबाजान दाढी कुरवाळत म्हणतो कसा, 'जमतंय बगा तुमचं. हवालदारबी जपानी जानतात ना. जपान्यांच्या कैदेत व्हते. आख्खं भिंगार जपानी हवालदार म्हनतं त्यांना.'

माझ्या पोटात त्या ढगखाऊ जनावराचे सगळे कप्पे एकदम उघडले! तिसरा नकार, आणि तोही पुराव्यानिशी! रात्रीत पुस्तक कडब्याच्या गंजीत लपवलं. सकाळी वाटलं गाय खाईल, म्हणून परत फडताळात ठेवलं. ह्या पुस्तकाचे उपकार, म्हटलं, आता पोरीच्या मुळावर येतात.

रविवारी पाहुणे आले. हवालदार म्हणजे हा उंच, मिशा पिळलेल्या, ताठ. कांदेपोहे झाले, मी फक्त व्हय आणि न्हाई. मनकर्णेच्या डोळ्यांत माझ्याबद्दल आदर दिसायला लागला, लग्नानंतर पहिल्यांदाच. आणि दारात दाटलेल्या गर्दीतून आक्काबाईचा आवाज आला. 'हवालदार, आमच्या अण्णालाबी जपानी येतं बरं का. हे बगा पुस्तक.' आणि पुढं होऊन फडताळातून काढून त्यांच्या मांडीवर ठेवलंसुद्धा!

हवालदारांच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं उन्हाचा. माझ्या कपाळावरचा कशाचा होता ते मला ठाऊक होतं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला, खोकले, आणि पुस्तक उघडलं... डाव्या अंगानं.

डाव्या!

आणि बोट? बोट आडवं! आपली पोथी वाचावी तसं डावीकडून उजवीकडं, आडवं, उभ्या अक्षरांच्या राईतून सरळ नांगर घातल्यासारखं! मोठ्या आवाजात वाचतात, 'फार वर्षांपूर्वी... माणसं ढगाला लटकून राहत होती. मग तो ढग आटला...' शेवटचं पान हो ते! शेवटापासून!

तुम्हाला सांगतो, माझ्या जिवात जीव आला आणि मग अंगात सैतान आला. आयुष्यभर लोकांनी मला पकडलं, आज मी पकडणार होतो! आणि तेवढ्यात आक्काबाईनं विचारलं, 'अण्णा, बरोबर वाचत्यात का?'

हवालदारांनी मान वर केली नाही. बोट पानावर तसंच. मी दाराआड द्वारकेकडं पाहिलं. तिनं नुसत्या डोळ्यांनी सांगितलं, नुसतं बसा.

मी म्हणालो, 'बरोबर.'

हवालदारांनी सुस्कारा टाकला आणि पुस्तक माझ्याकडं सरकवलं. आता माझी पाळी. मी उजवीकडून उघडलं, बोट वरून खाली, 'गावची विहीर आटली...' त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एकदा माझ्याकडं बघतात, एकदा पुस्तकाकडं. गहिनीनाथ म्हणाला, 'दादा, बरोबर का?' हवालदारांनी चष्मा वर सरकवला. मग म्हणाले, 'उच्चार जरा नगरकडचा हाय. पन बरोबर.'

ठरलं लग्न! उठले पाहुणे! मी त्यांना हात धुवायला गोठ्याकडं नेलं. पाणी घालता घालता ते हळूच म्हणाले, 'व्याही, कैदेत मी दोनच शब्द शिकलो. चल, अन् गप. बाकी जे झालं ते सांगन्यासारखं नव्हतं. परत आल्यावर लोक रोज इचारायचे, काय झालं, काय झालं. मंग म्हनलं, जपानी शिकलो. तवापास्नं कुनी बाकीचं इचारलं न्हाई.'

मी तांब्या पुन्हा कलता केला. म्हटलं, 'चांगलं शिकलात, व्याही.' एवढंच.

लग्न झालं, साधंच, दुष्काळात काय होणार. द्वारकेला विचारलं, आंदण काय देऊ? म्हणाली, पुस्तक. माझ्याकडचं एकुलतं एक छापील खोटं, तेही पोर घेऊन गेली. आणि भिंगारला हवालदार रोज संध्याकाळी ओट्यावर बसून वाचायला लागले, अर्थातच डाव्या अंगानं. म्हणजे आमच्या गावात माणसं खालून वर जातात, भिंगारात वरून खाली येतात! ढग आटतो, दोर सुटतात, शिड्यांनी एकेक जण उतरतो, म्हातारीच्या शिडीनं म्हातारी, पोरांच्या शिडीनं पोरं, आणि शेवटच्या पानावर आपलं धुळीचं गाव. बाजारच्या दिवशी दोन्हीकडची माणसं भांडायची. 'ती वर हायेत.' 'खाली आली कवाच.' मी आपला घरात लपून.

यंदा मृग बरसला. तलावात पाणी आलं. आणि आक्काबाई मुद्दाम भिंगारला गेली, हवालदारांच्या ओट्यावर बसून अख्खं ऐकून आली. मला कळल्यावर मी मनकर्णेला म्हटलं, आता माझी काही खैर नाही.

संध्याकाळी आली, उंबऱ्यावर बसली. मिश्री थुंकली. म्हणाली, 'अण्णा, तुमचं चुकलं. तिकडचं बरं हाय. तिथं मान्सं खाली येत्यात. उद्यापास्नं त्या अंगानं वाचा.'

तुम्हाला सांगतो, एवढा मोठा पट्टीचा थापाड्या मी, आयुष्यात एकच गोष्ट मनापासून रचली, आणि ती उलटी वाचल्यावर जास्त चांगली निघाली! तरी शेवटचा दोर म्हणून म्हटलं, 'अगं पण आक्काबाई, पुस्तक तर भिंगारला आहे.'

ती उठली, पदर झटकला. 'तुमाला कवापास्नं पुस्तक लागाया लागलं?'

मी म्हटलं, बरोबर.