कलादालनातल्या चपला मीच सरळ केल्या

नाव जैतुनबी शेख गफूर, वय सत्तरीच्या पुढं, धंदा घरकाम व दोन शेळ्या, राहणार करमाड. हे सगळं मी ठाण्यात शिरतानाच पोलीस साहेबांना सांगितलं होतं. चहा येईपर्यंत ते विसरले, म्हणून पुन्हा लिहिलं आहे. पुढं वाचतानाही विसरतील, तेव्हा वर बघावं.

समक्ष हजर राहून तोंडी सांगते की, मला अक्षर येत नाही. मी बोलते तसं हवालदार मेघा मॅडम लिहीत आहेत.

मला दोन मुलं. थोरला जावेद, त्याच्याकडं मी राहते. धाकटा वहाब चिकलठाण्याला असतो. दोघं दोन वर्षं बोलत नाहीत. कारण मॅडमनी विचारलं. ते लिहायची गरज नाही.

आमरीन ही वहाबची मुलगी. चिकलठाण्यात जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये कलादालन आहे, तिथं ती आलेल्या लोकांना फिरवून दाखवते. वहाबच्या घरी मी जात नाही, म्हणून काल तिला भेटायला तिथं गेले. जावेदला दवाखान्याचं सांगितलं होतं.

आत लई गार होतं. एका खोलीत पंखा जमिनीवर ठेवून फिरवलेला. दुसरीत भिंतीतून कुणीतरी सारखं खोकत होतं. मी म्हटलं, "याला कुणी पाणी दिलं का?" आमरीन म्हणाली, "दादी, ती टेप आहे." खुर्ची दिसली म्हणून टेकायला गेले, तर तीही बघायचीच निघाली. मला एका जागी थांबवेना.

शेवटच्या खोलीत जमिनीवर जुन्या चपला, सगळ्या उलट्या. लहान लेकरांच्याही. आमरीन चहा आणायला गेली होती. मी पाठ करून उभी राहिले, पण पाठीला कळत होतं. घरात एक चप्पल उलटी पडली तरी मला घास उतरत नाही, भांडण लागतं. इथं तर खोलीभर. मी खाली बसले, एकेक सरळ केली, जोड लावले. एकीचा जोड सापडेना, तो शोधत असताना आमरीन आली. तिच्या हातातला कप पडला.

"दादी, हे काय केलंस?"

"सरळ केल्या."

"त्या तशाच ठेवायच्या होत्या गं!"

"तशाच? आन् तू इथं पगार कशाचा घेतीस?"

ती हसली नाही.

त्या चपला पुण्याच्या श्रेया मॅडमनी मांडल्या होत्या. त्या कामाचं नाव 'भांडण', हे मला आज इथं कळलं. म्हणजे बाईंना माहीत होतं. माहीत असून उलट्या ठेवल्या, आणि नुकसान केलं म्हणून तक्रार देऊन ठाण्यात बसवलं आमरीनला. सकाळी मी तिला फोन लावला, तो मेघा मॅडमनी उचलला. आमरीननं माझं नाव घेतलेलं नाही. घेतलं असतं तर आम्ही चोरून भेटतो हे दोन्ही घरांत कळलं असतं. आता कळू द्या. चपलांना तिनं हात लावला नाही, तिची नोकरी जाऊ नये. पुन्हा उलट्या करायच्या तर ज्याच्या त्यानं कराव्यात. मी करणार नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच आहे, फक्त मध्ये डोळे पुसले ते मॅडमनी लिहिलं नाही, ते बरोबर केलं. अंगठा दिला आहे.

आमरीनला सोडेपर्यंत मी या बाकड्यावरून उठणार नाही. घरी फोन करावा. जावेदनं बाजरीच्या भाकरी आणाव्यात, कालवण आणू नये. वहाबनं कालवण आणावं, भाकरी आणू नये.