वासूअण्णांचा बेस आणि कंप्रेसर

दुपारचे तीन वाजलेले, कॅन्टोन्मेंटमधला एक खासगी स्टुडिओ. तेव्हा शहरात बेस गिटार वाजवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांतले एक आमचे जयनगरचे शेजारी वासूअण्णा. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डाव्या हाताचं ऑपरेशन होतं. बोटं पुन्हा चालतील असं डॉक्टर म्हणत नव्हते, म्हणून हे रेकॉर्डिंग. मीही सोबत गेलो होतो.

बिस्किटांच्या डब्यात अण्णांनी स्वतः प्रीअँप, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारं यंत्र, बनवला होता. इंजिनिअरने त्याच्यापुढे कंप्रेसर जोडला. हे यंत्र मोठा आवाज दाबून टाकतं आणि बारीक आवाज वर आणतं.

"अण्णा, तुमच्या डब्यामुळे मीटरचा काटा लाल रेघेपलीकडे जातो."

"जाऊ दे. एक ठोका जोरात, पुढचा हळू, हेच माझं वाजवणं. लावायचाच तर स्वल्प लाव."

"सरी, अण्णा," इंजिनिअरने कानडीत होकार दिला.

अण्णा डोळे मिटून वाजवत राहिले.

ऑपरेशननंतर मी स्टुडिओतून आलेली टेप आणि माझा टेपरेकॉर्डर त्यांच्या घरी नेला. टेपवर सगळे ठोके सारखेच, सपाट, आणि डब्याची गुणगुण तेवढी मोठी. त्यांच्या पत्नी, सुमाअक्का, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"हे कोण वाजवतंय?"

अण्णा पट्टीतल्या हाताकडे बघत म्हणाले, "आहे कुणीतरी."

मी स्टुडिओत जाऊन भांडलो. मालक म्हणाले, "इतकी वर्षं झाली, कुणाची तक्रार नाही." इंजिनिअर म्हणाला, "मी स्वल्पच लावला होता." पण रेकॉर्डिंग संपलं तेव्हा कंप्रेसरचं बटण शेवटच्या खुणेवर होतं, हे त्यानेच कबूल केलं. ते तिथपर्यंत कुणी फिरवलं, हे दोघांपैकी कुणीही अजून सांगितलेलं नाही.