किरण अंगाला चिकटत न्हाई

...आन मंग गोठ्याच्या कडंला उघड्यावर आंगुळ करायची, कडुलिंबाचा पाला चावायचा, तवा कुटं उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा. मयताला जाऊन आल्यावर ह्ये ठीक हाय, पर मी रोज डूटीवरनं येतो वो, रोज कुणाचं मयत झालं म्हणायचं? तुमाला सांगतो, किरण अंगाला चिकटत न्हाई. पर आमच्या आईला, झुंबरबाईला, ह्ये कोण सांगणार?

माजं काम काय, तर तळेगावच्या पल्याड एक प्रयोगशाळा हाय, तितं मी मदतनीस. जाड पोलादी भांडं, त्यात धातूच्या पट्ट्या ठिवायच्या, हायड्रोजन वायू भरायचा, आन असा दाबून भरायचा की ट्रकच्या टायरमधली हवा त्याच्याम्होरं फुंकर वाटावी. मंग त्याच्यावर गॅमा किरणं सोडायची. मधी ही जाड भिंत, आमी समदे भिंतीच्या अल्याड. हायड्रोजन लय बारीक, धातूच्या आत शिरतो, वरनं पट्टी चकचकीत आन आतनं ठिसूळ... त्यात किरणांचा मारा बसला तर काय व्हतं, त्ये बघायचं. नंतर पट्टी वाकवायची. तुटली की नापास.

आमच्या सविता मॅडम म्हणत्यात, "कैलास, दिवा मालवल्यावर उजेड भांड्याला चिकटून राहतो का?" न्हाई ना राहत? पर पारावर रखमाजी आबा इचारतोय, "रातच्याला चमकतो का रं?" आन आई माज्या बायकूचा, सारिकेचा, दाखला देती, "सारिकेच्या हाताचा एक्स-रे फोटो काढताना डॉक्टरनं समद्यांला भाईर काढलं व्हतं. त्यो येडा व्हता का? आन तू तितंच नोकरी करतो." आता तिचंबी खोटं न्हाई. किरणं चालू असताना आत जायाचं नसतंच. पर बंद झाल्यावर किरण अंगाला चिकटत न्हाई, ह्ये तिच्या कानात शिरंना.

हितपतूरबी चाललं असतं. पर मला पोरगी झाली. बारशाला पाळण्याखालनं ती ह्या हातातनं त्या हातात फिरली, आत्यानं घेतली, शेजारच्या चिमाबाईनं घेतली, उशाला लोखंड पायजे म्हणून अडकित्ता ठिवला. आन बाप कुटं? बाप ओट्यावर, पत्रावळ्या पुसतोय. आंगुळ केली तरी आई म्हणती, "थांब, जरा मोठी हू दे." मला लय वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. सारिका लांबनं दाखवती, पोरगी माज्याकडं बघती, आन तिला म्हाईतच न्हाई ह्यो कोण. पट्टीसारखं झालंय माजं, वरनं हसतोय.

शेवटी मॅडमला समदं सांगितलं. त्येंनी एक पास झालेली पट्टी काढली, वाकून वाकून घोड्याच्या नालेवानी झालेली, काम संपलेली. किरणं मोजायचं मीटर लावून दाखवलं, काटा जागचा हालला न्हाई. म्हणल्या, "जा, आईंना दाखव."

घरी आलो, आंगणातच उभा राहिलो. म्हणलं, "आये, किरणांत ही बसली व्हती, मी न्हवं. मी भिंतीआड. आन बघ, मी हिला हातात धरलीया."

"हिला काय झालं न्हाई?"

"न्हाई."

"वाकवली तरी तुटली न्हाई?"

"बाकीच्या काडकन गेल्या. ही पास झाली."

आईनं पट्टी घेतली, उलटीसुलटी करून बघितली. मला वाटलं, पटलं. सारिका पोरीला घिऊन दारापतूर आली, मी हात फुडं केलं... आन आईनं पोरगी घेतली, आत गेली, पट्टीला हळद-कुकू लावलं, पाळण्यातला अडकित्ता काढला आन त्याच्या जागी उशाखाली ती पट्टी सारली. म्हणली, "येवढं सोसून मोडलं न्हाई, ह्येच खरं लोखंड. आता पोरीला कुणाची नजर लागायची न्हाई."

म्हणलं, "आन मी?"

म्हणली, "तू पाला चावला का?"

तर तुमाला सांगतो, किरण अंगाला चिकटत न्हाई, ह्ये आता आईलाबी पटलंय. फकस्त पट्टीच्या बाबतीत. जिनं समदी किरणं खाल्ली ती माज्या पोरीच्या उशाला निजती, आन मी, भिंतीआड बसणारा, गोठ्याच्या कडंला पाला चावतोय.