डबीतली दोन बोटं

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी गाल सुजलेले एक गृहस्थ आणि संग्रहालयात काम करणारी त्यांची मुलगी बसली होती.

"चल, घरी जाऊ. दुखायचं थांबलंय."

"बसा हो बाबा. ऐका ना, काल आम्ही एक मातीची डबी उघडली. दोन हजार वर्षांपूर्वीची. आत दात घासायची पूड निघाली."

"तेव्हा? काहीतरीच!"

"खरंच. जाळलेले शिंपले, मीठ आणि कसलासा वाळलेला पाला. सगळं वस्त्रगाळ."

"आणि आम्ही आपले कोळसा घासायचो."

"ती पूड ओल लागून दगडासारखी झालीय. बोट बुडवल्याची खूण अजून तशीच आहे."

"कोणाचं बोट?"

"एका बाईचं असावं. डबी तिच्याच थडग्यात, उशाशी पुरलेली होती."

"दोन हजार वर्षं... आणि बोट तसंच?"

"तसंच. आणि त्याला लागून दुसरी खूण, एवढीशी. माझी करंगळीसुद्धा तिच्यापुढे जाड वाटली."

"म्हणजे लेकरू?"

"असेल, बाबा."

त्यांनी सुजलेल्या गालावर हात ठेवला.

"काय झालं? फार दुखतंय का?"

"नाही गं. ते लेकरू रडत असेल का, दात घासताना? तू फार रडायचीस."