अप्पांचा प्रीअँप आणि मेहताकाकांची कवळी

प्रीअँपच्या नादी लागला नाहीत, म्हणून तुम्ही सगळे सुखात आहात. आमच्या अप्पांनी दहा वर्षांत रेकॉर्डला हात लावला नव्हता. "हल्लीच्या सुयांत दम नाही," म्हणायचे. मी ठरवलं, ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांना त्यांची आवडती सतारीची रेकॉर्ड ऐकवायचीच.

प्रीअँप, म्हणजे सुईचा बारीक आवाज वाढवणारा डबा, पाणीगेटच्या जुन्या बाजारात मिळाला; स्पीकर वाजवणारा पॉवर अँप एका मित्राच्या माळ्यावर. दोन्ही जोडून रेकॉर्ड लावली, आवाजाचं बटण केसभर फिरवलं आणि आमचं अख्खं फतेगंज हादरलं. शेजारच्या मेहताकाकांची कवळी ग्लासात नाचायला लागली, खोटं नाही सांगत! अप्पा तेवढे खुर्चीत शांत बसले होते.

गोरव्याचे रेडिओ दुरुस्त करणारे जयंतीभाई म्हणाले, "साहेब, आ बेनो मेळ नइ पडे, या दोघांचं जमायचं नाही. तुमचा प्रीअँप फार जोरात बोलतो."

"मेळ पडल्याशिवाय मी उठत नाही," म्हटलं. तीन रविवार त्यांच्या स्टुलावर ठाण मांडलं. शेवटी त्यांनी दोन्ही अँपच्या मध्ये आवाज दाबणारा रेझिस्टर टाकला आणि सतार लोण्यासारखी मऊ वाजायला लागली.

वाढदिवसाला रेकॉर्ड लावली. मेहताकाकासुद्धा, कवळी घालून, "वाह, वाह" करत होते. एक बाजू संपली. मी ऐटीत विचारलं, "कसं वाटलं, अप्पा?"

"अरे, लाव की आता! कधीचा वाट बघतोय."

"अप्पा, वाजून संपली."

"हॅ! त्या दिवशी कशी खणखणीत वाजत होती. कुणी बिघडवली?"

मी पेचकस उचलला, तो रेझिस्टर काढला आणि म्हटलं, "काका, कवळी सांभाळा."