थोरल्याची सुट्टी

मंडळी, हे चार शब्द लिहून ठेव, असं मामांनी मला पाच दिवसांपूर्वी सांगितलं होतं. लिहिले आज सकाळी. मधे एकदा कागद घेऊन बसलो, तर मित्राचा टेम्पो उरणला निघाला होता, गेलो त्याच्याबरोबर. मी असाच. आता तुम्ही सगळे आईसाठी इथे कामोठ्यात जमलात, तर तोच कागद वाचतो.

आई गेली तेव्हा तोंडात नाव दादाचं होतं.

दादा माझा थोरला. त्याच्या हातून खून झाला, जन्मठेप भोगतोय. काही दिवस घरी यायचं तर पॅरोल लागतो. आई त्याला सुट्टी म्हणायची. 'थोरला सुट्टीवर येतोय,' मिलिटरीत असल्यासारखं. त्याचा अर्ज तुरुंगातून निघायचा, वरच्या ऑफिसात जायचा, तिथून चौकशीला पोलीस आमच्या दारात. अख्खं सरकार त्याच्या येण्याजाण्याचा विचार करत बसायचं. आणि मी? सहा-सहा महिने गायब. परत आलो की आई म्हणायची, 'आलास? पाय पूस.' बस. जळायचो मी, मंडळी. तुरुंगातल्या माणसावर जळायचो.

यंदा आई अंथरुणाला खिळली, म्हणून दादाने अर्ज केला. हवालदार आले. आई आत झोपलेली.

'जामीन कोण राहणार? हा वेळेवर परत हजर होईल, हमी देता?'

मी हसलो. 'साहेब, माझीच हमी नाय, त्याची कुठून देऊ?'

'चेष्टा नको. काय लिहू?'

'लिहा, नाय देत.'

त्यांनी लिहिलं. घरचे हमी घेण्यास तयार नाहीत. अर्ज नामंजूर.

आई विचारायची, 'बाळा, सुट्टीचं काय झालं रे?' मी सांगायचो, 'मोठे साहेब गावाला गेलेत.' मग ती रोज माझी वाट बघायला लागली. बातमी आणीन म्हणून. माझी वाट! आणि मला ते आवडायचं. याला काय म्हणायचं, सांगा?

हे मामांनाही आज कळतंय. आई गेल्यावर दादाच्या नव्या अर्जाला जामीन तेच राहिले. पण अजून होकार आमच्यापर्यंत आलेला नाही.

आता आईसाठी दोन मिनिटं शांत उभे...

काय मामी? कोण?

मंडळी, खाली गेटवर पोलिसांची गाडी आलीय. सुट्टी मिळाली म्हणायची, दादा आलाय.

मामा, तुम्ही थांबा. खाली मी जातो. आत्ता बोललो ते त्याला माझ्याच तोंडून कळू दे. तुम्ही सगळे आईसाठी उभे राहा.