भुजलीचं नाव

सन बत्तीसच्या थंडीत उदाराम हाताचं गळू दाखवायला गोंदियाच्या दवाखान्यात बसला होता. पुढे एक म्हातारी होती. तिच्या मांडीवर दुसरी म्हातारी तापानं निपचित पडली होती.

“हिचं नाव?” कंपाउंडरनं विचारलं.

“माही भुजली आहे जी.”

“हे काय नाव झालं?”

“राखीच्या दुसऱ्या दिवशी भुजलीचा सन राहते. टोपलीतले गव्हाचे कोंब आमी एकमेकीच्या कानावर खोचले. तवापासून एकमेकीले भुजलीच म्हनतो, नाव घेत नाई. घेतलं त नातं तुटते.”

“किती वर्षं झाली?”

“चाळीस झाले असन.”

“तिच्या घरचं कोणी बोलवा.”

“कोनी उरलं नाई. मीच हावो.”

“बाई, नावाशिवाय खाट मिळत नाही.”

म्हातारी भुजलीच्या तापल्या कपाळावर हात ठेवून बसली. उदारामाला वाटलं, आता ही उठून जाते.

“लिवा. शामकला.”

मांडीवरचे डोळे उघडले.

“माह्यं नाव काऊन घेतलंस व?”

“तू मरून राहिली होतीस.”

“किती वर्सानं आयकलं बाई. आखीन एक डाव घे.”